वहिवाटीचा वकील आणि त्याचे मराठी वाचक

२४ डिसेंबर १९२७ला ‘पद्मावती’ ही बोट मुंबईहून कोकणाकडे निघाली. तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि महाडच्या सत्याग्रह परिषदेला निघालेले त्यांचे सहकारी होते. या वाटेवर डाव्या हाताला अलिबाग, चौल, मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन असा किनारा मागे पडत जातो. हरिहरेश्वराचा डोंगर ओलांडला की बाणकोटच्या खाडीचं तोंड लागतं आणि सावित्रीच्या पाण्यातून आत गेलं की दासगाव. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी दासगावला उतरली. बंदरावर हजारो माणसं वाट पाहत उभी होती. तिथून महाड पाच मैल. तो पल्ला सगळ्यांनी मिळून पायी कापला.

परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेब महाडहून थेट व्हर्सायला गेले. १७८९ साली फ्रान्सच्या राजाने प्रजेच्या प्रतिनिधींना बोलावलं, त्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं आणि जन्मावर उभी असलेली जुनी व्यवस्था मोडीत काढली. महाडची ही सभा त्याच जातीची आहे, तिचं काम तेच आहे, असं त्यांनी श्रोत्यांना सांगितलं. समोर बसलेल्यांत पेन्शनर सुभेदार होते, गिरणी कामगार होते, शेतावर राबणारी माणसं होती. जन्माने सगळे समान आहेत, असा जाहीरनामा परिषदेने केला आणि त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं.

ज्या फ्रेंच सभेला बाबासाहेबांनी आदर्श मानलं, तिच्याविरुद्ध इंग्रजी गद्यातलं सर्वांत जोरकस पुस्तक लिहिणारा माणूस डब्लिनचा होता. एडमंड बर्क. त्याचं ‘रिफ्लेक्शन्स ऑन द रेव्होल्यूशन इन फ्रान्स’ हे पुस्तक १७९० साली आलं. पिढ्यानपिढ्या चालत आलेलं एका रात्रीत मोडू नका, वहिवाटीत अनेक पिढ्यांचं शहाणपण साठलेलं असतं, कागदावर मांडलेल्या मानवी हक्कांपेक्षा वारशाने आलेले हक्क टिकाऊ असतात, असं त्याचं म्हणणं. महाडला जे घडलं त्याच्या बरोबर उलट. आणि तरीही बाबासाहेब बर्कचे वाचक होते. नुसते वाचक नव्हते, आयुष्यातल्या मोक्याच्या क्षणी त्यांनी बर्कला साक्षीला उभं केलं. हे कसं, या प्रश्नाने मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे. दासगावच्या खिंडीतून जाताना दर वेळी तो पुन्हा उभा राहतो. त्याचा माग काढत मागे गेलं की लक्षात येतं, बर्कची आणि मराठी माणसाची ओळख त्याच्या पुस्तकांच्याही आधीची आहे. ती एका स्वयंपाकावरून झाली.

नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला. बारभाईंनी राघोबादादांना गादीवरून दूर केलं, तेव्हा दादा मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५मध्ये सुरतेला तह झाला आणि साष्टी-वसईच्या बदल्यात इंग्रजांनी दादांना पुण्याला पोचवायचं कबूल केलं. कलकत्त्याच्या वरिष्ठांना हा तह मान्य नव्हता. त्यांनी पुरंदरला १७७६ साली दुसरा केला. पुढच्याच वर्षी सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील चौलला उतरला, नाना फडणिसांनी त्याचं आगतस्वागत केलं आणि चौल बंदर फ्रेंचांच्या हाती जातं की काय, या भीतीने मुंबई बंदरातल्या इंग्रजांची झोप उडाली. १७७८च्या अखेरीस मुंबईची फौज पनवेलला उतरली, बोरघाट चढली आणि जानेवारी १७७९मध्ये वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडून शरण आली. या साऱ्या चढउतारांत दादांच्या लक्षात आलं होतं की मुंबईचा शब्द कलकत्ता मोडतं आणि कलकत्त्याच्याही वर कोणीतरी विलायतेत बसलेलं आहे. म्हणून त्यांनी आपले वकील थेट लंडनला पाठवले. हणमंतराव नावाचे ब्राह्मण, आणि मणियार हा पारशी गृहस्थ आपल्या मुलासह.

पेशव्यांच्या घराण्याचा वकील लंडनला पोचला आणि तिथे त्याला विचारणारं कोणी नव्हतं. पैशाची चणचण, हवा थंड, आणि हणमंतरावांची सर्वांत मोठी अडचण सोवळ्याची. परक्या हातचं पाणी नको, परक्या चुलीवरचं अन्न नको, आणि लंडनच्या भाड्याच्या खोलीत हे सांभाळायचं कसं? बर्क तेव्हा पार्लमेंटचा सभासद होता आणि हिंदुस्थानच्या कारभारात नुकतंच लक्ष घालू लागला होता. हणमंतरावांची ही दशा त्याच्या कानावर गेली. १७८१ साली तो या पाहुण्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी घेऊन गेला आणि तिथलं झाडं ठेवायचं काचघर त्याने हणमंतरावांच्या स्वाधीन केलं. तिथे त्यांनी आपली चूल मांडावी, आपल्या हाताने शिजवावं, स्नानसंध्या करावी, कोणी आत शिरणार नाही. दादांनाही बर्कने नंतर पत्र लिहिलं.

युरोपातला एक नामांकित लेखक आपल्या घरचं काचघर राघोबादादांच्या ब्राह्मण वकिलासाठी रिकामं करून देतो आणि त्या सोवळ्याला हसत नाही, हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तेव्हाच्या इंग्रजांत असे लोक बोटांवर मोजण्याइतके. बर्कला हे का सुचलं असावं, याचं उत्तर त्याच्या आयर्लंडमध्ये आहे. त्याचे वडील प्रोटेस्टंट, आई कॅथलिक. लहानपणाची काही वर्षं तो कॉर्क परगण्यात आईच्या माहेरच्या कॅथलिक माणसांत वाढला. त्या काळी आयर्लंडात कॅथलिकांना मतदान नव्हतं, सरकारी नोकरी नव्हती, जमिनीच्या वारशावर निर्बंध होते, शाळा चालवायला बंदी होती. राज्यकर्त्याचा धर्म वेगळा असला की प्रजेच्या देवघरापर्यंत हात कसा पोचतो, हे त्याने आजोळी पाहिलं होतं. म्हणून हणमंतरावांची चूल त्याला विक्षिप्तपणा वाटली नाही. ती त्याला माणसाची अब्रू वाटली.

हणमंतराव परतले. पुढचा भाग फ्रान्सिस विल्फर्ड या पंडिताने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये नोंदवून ठेवला आहे. राघोबादादांनी विलायतेला पाठवलेले ब्राह्मण समुद्र ओलांडून आल्यामुळे पतित ठरले. शेवटी असं ठरलं की सोन्याची योनी घडवावी, तिच्यातून त्यांना बाहेर काढावं आणि पुन्हा जन्म झाला असं मानून जातीत घ्यावं. बीकन्सफील्डच्या काचघरात जिवापाड सांभाळलेलं सोवळं इथल्या धर्मपीठाने हिशेबात धरलं नाही. बर्कच्या पाहुणचाराला मिळालेली ही पहिली मराठी दाद म्हणायची.

सात वर्षांनी, फेब्रुवारी १७८८मध्ये, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर खटला उभा राहिला आणि बर्क चार दिवस बोलला. शेरिडन हा दुसरा डब्लिनकर त्याच्या जोडीला होता. खटला सात वर्षं चालला आणि १७९५ साली हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, एवढं सांगून पुढे जातो. मूळ आरोपपत्रात मराठ्यांशी केलेल्या युद्धाचं आणि तहाचं स्वतंत्र कलम होतं. आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोन. एक, कंपनी हिंदुस्थानच्याच महसुलातून माल घेते आणि तो विलायतेला नेते, बदल्यात काही येत नाही, ही मांडणी बर्कने १७८३च्या समिती-अहवालात केली होती. दादाभाई नौरोजींनी पुढे जे आयुष्यभर सांगितलं त्याचं बी इथे आहे. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हेस्टिंग्जचा बचाव असा होता की हिंदुस्थानात सत्ता नेहमी मनमानीच असते, तिथे तिथल्यासारखं वागावं लागतं. बर्कने या विचाराला भौगोलिक नीती असं नाव दिलं आणि तो सोलून काढला. एका रेखांशावरचं पाप दुसऱ्या रेखांशावर पुण्य होतं का? लाच लंडनमध्ये लाच आणि काशीत नजराणा, असं चालेल का?

ज्या भाषणात त्याने हे सांगितलं, त्याच भाषणात जातिव्यवस्थेबद्दलही तो आदराने बोलला. जात गमावणं ही हिंदूच्या दृष्टीने मरणाहून कठीण शिक्षा आहे, हे त्याने इंग्रज उमरावांना समजावलं. त्याच्या डोळ्यांसमोर हणमंतराव असणार, असं मला नेहमी वाटतं. त्याला हिंदू समाज भेटला तो काचघराच्या त्या चुलीपाशी, म्हणजे सोवळ्याच्या आतल्या बाजूने. सोवळ्याच्या बाहेर ठेवलेला माणूस त्याला कधी भेटलाच नाही. आणि तो माणूस कंपनीपासून दूर नव्हता. १७५६च्या तहाने बाणकोट आणि भोवतालची गावं कंपनीकडे आली, त्यांत दासगावही होतं. म्हणजे बर्क पार्लमेंटात शिरण्याच्या आधीपासून हे बंदर कंपनीचं. या मुलखातली महार माणसं कंपनीच्या पलटणींत शिपाई झाली, हुद्द्यांवर चढली, पेन्शन घेऊन गावी परतली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर याच परंपरेतले. दासगावचा एखादा शिपाई बीकन्सफील्डला पोचला असता आणि हणमंतरावांच्या काचघराच्या दाराशी उभा राहिला असता, तर बर्कला काय दिसलं असतं, हा विचार मनातून जात नाही.

बर्क १७९७ साली गेला. पुढची साठ-सत्तर वर्षं त्याचं नाव मराठी मुलखात फारसं कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं आणि बर्क आला तो क्रमिक पुस्तक होऊन. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले प्राध्यापक एफ. जी. सेल्बी यांनी ‘रिफ्लेक्शन्स’ला प्रस्तावना आणि टिपा जोडून केलेली आवृत्ती १८९०मध्ये मॅकमिलनने काढली. अमेरिकेच्या प्रश्नावरची भाषणंही त्यांनी संपादित केली. सरकारी कॉलेजात क्रांतीविरुद्धचं पुस्तक शिकवण्यात कोणाला धोका वाटला नसणार. पण पुस्तक एकदा मुलांच्या हाती गेलं की कोणतं पान दुमडून ठेवायचं, ते मुलंच ठरवतात. ज्या बर्कने फ्रान्सच्या क्रांतीला विरोध केला, त्यानेच अमेरिकेच्या वसाहतींची बाजू घेतली होती आणि हेस्टिंग्जला कठड्यात उभं केलं होतं. पुण्या-मुंबईच्या मुलांना ही पानं आधी सापडली. आपल्या राज्यकर्त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच पार्लमेंटात, त्यांच्याच कारभारावर इतक्या अधिकाराने बोललेलं त्यांनी आधी कुठे वाचलं होतं?

या वाचकांत गोपाळ कृष्ण गोखल्यांचा क्रम वरचा. कोतळूकचा हा मुलगा गरिबीत शिकला, १८८४ साली बी.ए. झाला आणि विशीतच फर्ग्युसनच्या वर्गात शिकवायला उभा राहिला. त्यांचं पाठांतर दांडगं होतं, बर्कचे लांबलचक उतारे त्यांना मुखोद्गत होते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्याकडे पाठांतर म्हणजे न समजता घोकणं असा एक समज झाला आहे, तो मला पटत नाही. ज्या समाजात शतकानुशतकं ग्रंथ कंठातून कंठात गेला, त्या समाजातला मुलगा परकी भाषा आपलीशी करायची तर ती पाठच करणार. बर्कचं वाक्य लांब असतं. एका विचाराच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, आणि शेवटी क्रियापदाशी सगळं येऊन ठरतं. असं वाक्य शंभरदा म्हटलं की विचार करण्याची एक चाल अंगवळणी पडते. २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं मोठं भाषण केलं. त्यात बर्कचा अलंकार शोधून सापडणार नाही. तिथे सगळे आकडे. पण प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडायचं, मग त्याच्याच तत्त्वांनी त्याला बांधायचं, आवाज चढू द्यायचा नाही आणि मागणी सोडायची नाही, ही चाल त्या पाठांतरातून आलेली आहे.

गोखल्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे. सुधारकाला कोरी पाटी मिळत नसते, अर्धवट लिहिलेलं वाक्य पुढे न्यावं लागतं, ही त्यांची भूमिका बर्कला सहज मान्य झाली असती. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली रानड्यांच्या विरोधात उभे राहिलेले टिळकही ज्या मुद्द्यावर ठाम होते, तो पाहिला तर बर्कच्याच घरचा वाटतो. परक्या सरकारने प्रजेच्या चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, हा तो मुद्दा. मी असं म्हणत नाही की टिळकांनी तो बर्ककडून उचलला. पण एकाच लेखकाच्या विचारात दोन्ही भांडणाऱ्या पक्षांना आधार मिळतो, तेव्हा त्या लेखकात खोलवर कुठेतरी दुभंग आहे हे ओळखावं. सत्तेने प्रजेवर जुलूम केला की बर्क पेटून उठतो. तोच जुलूम वहिवाटीच्या रूपाने, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर, शेकडो वर्षं चालवला असेल तर? तिथे बर्क गप्प आहे. आणि रानडे-गोखले-टिळक ही सारी मंडळी, त्यांची थोरवी मान्य करूनही म्हणावं लागतं, हणमंतरावांच्या बाजूने, सोवळ्याच्या आतून बर्क वाचत होती.

बाहेरून वाचणारा वाचक यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकले. महाडच्या डिसेंबरातल्या परिषदेला ते आले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून मार्चच्या परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. नंतर गावात मारहाण झाली. आणि पुढे तळं शुद्ध करण्यासाठी १०८ घागरी पंचगव्य त्यात ओतलं गेलं. हणमंतरावांसाठी सोन्याची योनी, चवदार तळ्यासाठी १०८ घागरी. मधे दीडशे वर्षांच्या आसपास काळ गेला होता.

डिसेंबरच्या परिषदेला बोट दासगावला लागण्याच्या आधीच महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. त्यामुळे त्या खेपेला तळ्याचं पाणी घेतलं गेलं नाही. दाव्यातलं म्हणणं काय होतं? अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचं नाही, ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, आणि वहिवाट म्हणजे हक्क. मी हा युक्तिवाद पहिल्यांदा वाचला तेव्हा चमकलो. हा तर बर्क. दीर्घकाळच्या भोगवट्याने हक्क सिद्ध होतो, हे त्याच्या राजकीय विचाराचं अधिष्ठान. त्याने ते राजसत्तेच्या मनमानीविरुद्ध ढाल म्हणून वापरलं. महाडला ती ढाल तहानलेल्या माणसाच्या तोंडावर धरली गेली.

दावा दहा वर्षं चालला. खालच्या कोर्टात १९३१ साली निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, अपील उच्च न्यायालयात गेलं आणि १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने ते फेटाळलं. १९२२ साली गांधीजींना शिक्षा सुनावणारे हेच ते ब्रूमफील्ड. निकालाचा गाभा वहिवाटीभोवतीच फिरतो. वहिवाट अनादी असल्याचं वादींनी सांगितलं खरं, पण ते सिद्ध केलेलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बारकाईने पाहिलं तर इथे वहिवाटीच्या तत्त्वाला न्यायालयाने हात लावलेला नाही. पुरावा अपुरा पडला म्हणून तळं खुलं झालं. पुरावा पुरेसा असता तर? या प्रश्नानेच बाबासाहेबांना कोर्टाच्या पलीकडे, राज्यघटनेच्या दिशेने नेलं, असं मी मानतो. मूलभूत हक्क वहिवाटीच्या भरवशावर सोडता येत नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून अनुभवलं होतं.

असं असताना त्यांनी बर्कला झिडकारलं असतं तर कोणी नवल केलं नसतं. घडलं वेगळंच. उच्च न्यायालयाचा निकाल लागण्याच्या आदल्या वर्षी, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं त्यांचं भाषण आयत्या वेळी नाकारलं गेलं आणि त्यांनी ते स्वतः छापून काढलं. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. नियमांचा गोळा म्हणजे धर्म नव्हे, असा नियमधर्म नष्ट केला पाहिजे, असं सांगून झाल्यावर ते थांबतात आणि वाचकाला बजावतात की म्हणून धर्माची गरजच नाही असं माझं मत नाही. खरा धर्म हा समाजाचा पाया आहे, या म्हणण्याशी आपण सहमत आहोत, असं सांगताना ते नाव घेतात बर्कचं. राजमान्य चर्चचा कैवार घेतलेल्या लेखकाला त्यांनी जातीचा पाया उखडणाऱ्या पुस्तकात बोलावलं. त्यांनी बर्कच्या वाक्यातल्या ‘खरा’ या शब्दावर बोट ठेवलं आणि उरलेल्या बर्कला तिथेच सोडून दिलं.

मला तर वाटतं, भौगोलिक नीतीची शिकवण बर्कला जिथे नेता आली नाही तिथे बाबासाहेबांनी नेली. इंग्लंडात एक न्याय आणि बंगालात दुसरा, हे बर्कला सहन होत नव्हतं. महाडला तर समुद्र ओलांडायचीही गरज नव्हती. वाड्यातून वस्तीकडे जाणाऱ्या पाऊलवाटेवर, शे-दोनशे पावलांत नीती बदलत होती. गुरांनी प्यायलं तर चालेल, माणसाने प्यायलं तर विटाळ. बर्कने हेस्टिंग्जला विचारलेला प्रश्न तळ्याच्या काठावर जशाच्या तसा लागू पडत होता, फक्त विचारणारा वेगळ्या जागी उभा होता.

या वाचनातला शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत देखणा प्रसंग १७ डिसेंबर १९४६चा. दिल्लीत घटना समितीपुढे नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव होता. मुस्लिम लीगने समितीवर बहिष्कार टाकला होता. लीगची आणि संस्थानांची माणसं येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, अशी दुरुस्ती बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी मांडली होती आणि सभागृह त्यांच्यावर नाराज होतं. अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक बाबासाहेबांचं नाव पुकारलं. आपली पाळी उद्या येईल अशा समजुतीने आपण तयारी न करता आलो आहोत, असं सांगत ते उठले. जयकरांना पाठिंबा दिला. देश एक होईल याबद्दल मला शंका नाही, पण सुरुवात कशी करायची हा प्रश्न आहे, असं ते म्हणाले. मग बळजबरीने प्रश्न सोडवू पाहणाऱ्यांना उद्देशून त्यांनी बर्कचा एक संबंध उतारा सभागृहाला ऐकवला. बळाचा परिणाम तात्पुरता असतो, एकदा दाबलेल्याला पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. बळ नेहमी लागू पडेलच याची खात्री नसते. आणि जे राखायचं त्याचीच बळाने मोडतोड होते, मग हाती आलेली वस्तू पहिली राहत नाही. सत्ता देणं सोपं, शहाणपण देणं अवघड, हा बर्कचा इशाराही त्यांनी दिला.

काही दिवसांपूर्वीपर्यंत ज्या सभागृहात त्यांच्याकडे परका म्हणून पाहिलं जात होतं, तिथे त्या दिवशी टाळ्या पडल्या. भाषणाचा मथितार्थ मानला गेला. ठरावावरचं मतदान पुढे गेलं आणि तो २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला. लीग तोवरही आली नव्हती.

त्यांनी ऐकवलेला उतारा अमेरिकेशी समेट करा, असं सांगणाऱ्या भाषणातला. ते भाषण बर्कने केलं २२ मार्च १७७५ रोजी. पार्लमेंटने ऐकलं नाही आणि महिना भरायच्या आत, १९ एप्रिलला, लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली. बर्क लंडनमध्ये हे बोलला, त्याच मार्च महिन्यात इकडे सुरतेला राघोबादादांनी इंग्रजांच्या तहावर सही केली होती. हणमंतरावांचा विलायतेचा प्रवास तिथून सुरू झाला.